तारतम्याचा धर्म

सत्याला अंश असतात काय, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. नवी आहे ती एवढीच गोष्ट, की पंडितांच्या सभेतून उठून तो आता यंत्राच्या दफ्तरात जाऊन बसला आहे, आणि तेथे कोणाचेही लक्ष नसताना रोज त्याचा निकाल लागत आहे. एखाद्या अभ्यासकाने संगणकात साठवलेल्या ग्रंथाला काही विचारावे आणि यंत्राने शंभर उतारे एकाखाली एक लावून त्याच्यापुढे मांडावेत, या व्यवहारात वरकरणी धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा संबंध दिसत नाही. परंतु पहिला उतारा पहिला का आणि नव्वदावा नव्वदावा का, असे कोणी खोदून विचारलेच, तर यंत्राच्या वतीने उत्तर द्यावे लागते ते असे, की पहिला उतारा आपल्या प्रश्नाला ०.७ इतक्या अंशाने अनुरूप आहे आणि नव्वदावा ०.१ इतक्या अंशाने. आणि हे उत्तर कानी पडताच, अनुरूपतेला अंश असतात हे कोणी मान्य केले, ते कोणत्या मापाने मोजले, आणि मोजणाऱ्याचा अधिकार कोणता, असे तीन प्रश्न उभे राहतात.

या तिन्ही प्रश्नांचा खल जेथे झाला, त्या भूमीत आपण राहतो, हे मी केवळ स्थलाभिमानाने म्हणत नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवर वेरुळच्या डोंगरात बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन अशा तीन परंपरांची चौतीस क्रमांकित लेणी एकाच कातळाच्या रांगेत कोरलेली आहेत, आणि सत्याच्या अंशाविषयी या तिन्ही परंपरांची उत्तरे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. दक्षिणेस गोदातीरी पैठण आहे. तेथील एक भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीस जाऊन स्थायिक झाले, आणि त्याच घराण्यात पुढे निर्णयसिंधूकार कमलाकरभट्ट झाले व शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे, मीमांसाशास्त्रावर ग्रंथ रचणारे गागाभट्टही झाले. खुद्द शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली जे महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. म्हणजे मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातला प्रश्न करणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू हे दोघेही येथे नावाने नांदत आहेत. आणि या सर्वांच्या मध्ये, पैठणपासून वेरुळपर्यंत ज्यांच्या भ्रमणाच्या खुणा पसरल्या आहेत, ते महानुभाव संप्रदायाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी आहेत, ज्यांचे चरित्र या निबंधाला दृष्टांत म्हणून घेण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही.

स्वामींचे हे चरित्र, म्हणजे लीळाचरित्र, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ऋद्धिपुरास सिद्ध केले. स्वामींच्या प्रयाणानंतर, ज्याने जे पाहिले व ऐकले ते त्याच्याच तोंडून घ्यावे, स्वामींचे उत्तराधिकारी नागदेवाचार्य यांच्यापुढे ते रुजू करावे आणि मग लिहावे, अशी त्यांची रीत होती. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक लीळा, म्हणजे चरित्रातला प्रत्येक प्रसंग, ही साक्षीपुराव्याने शाबीत केलेली जबानी होती. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली आणि शिष्यपरंपरेने आपल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे संप्रदाय सांगतो. त्यातूनच निरनिराळे पाठ निर्माण झाले, ज्यांतला हिराइसांचा पाठ विशेष प्रसिद्ध आहे. आता येथे महानुभावांनी जे केले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन स्मरणांत तफावत पडली, तेव्हा एक खरे ठरवून दुसरे खोडण्याऐवजी त्यांनी दुसरे स्मरणही मुख्य कथनाच्या शेजारी 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले, आणि अनेक ठिकाणी ते कोणाचे हेही सांगितले. एकाच प्रसंगाचे दोन-तीन तपशील, प्रत्येकाचा धनी ओळखू यावा अशा रीतीने, एकाच पोथीत शतकानुशतके शेजारी नांदत आले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केलेली प्रत उघडून पाहणाऱ्याला या पद्धतीचा प्रत्यय पानोपानी येतो.

असा ग्रंथ संगणकात घालायचा तर तो सपाट मजकूर म्हणून घालता येत नाही, कारण तसे केल्यास मुख्य कथन आणि वासना यांतला भेद पुसला जातो. त्यासाठी एक्सएमएल नावाची खुणांकनाची पद्धत आहे, जिची शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी केली. तिचे तत्त्व साधे आहे: मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे हे सांगणाऱ्या खुणेच्या जोडीत बसवायचे, आणि एका भागाच्या पोटात दुसरा भाग पूर्णपणे सामावेल अशी शिस्त पाळायची. ग्रंथाच्या पोटात एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. प्रत्येकाच्या पोटात लीळा. लीळेच्या पोटात तिचे शीर्षक, स्थळ, कथन आणि वासना. वासनेच्या अंगावर ती सांगणाऱ्याचे नाव. म्हणजे एखाद्या वंशावळीसारखा वृक्ष तयार होतो. प्राचीन ग्रंथांच्या अशा खुणांकनासाठी टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह नावाचा जो सर्वमान्य संकेतसमूह आहे, त्यात पाठभेद, त्याचा साक्षीदार आणि संपादकाला वाटणारी निश्चितता, या तिन्हींची नोंद करण्याची सोय आहे. म्हाइंभटांच्या वारसांनी बोरूने जे साधले तेच येथे खुणांनी साधता येते.

अडचण उभी राहते ती ग्रंथ साठवताना नसून त्याला प्रश्न विचारताना. समजा, अशा रीतीने खुणांकित केलेल्या लीळाचरित्राला कोणी विचारले, की स्वामी वेरुळजवळ असताना भिक्षेविषयी काय बोलले ते दाखव. जुन्या धाटणीची प्रश्नभाषा होय आणि नाही या दोनच शब्दांवर चालते. स्थळाच्या खुणेत 'वेरुळ' हीच अक्षरे असतील आणि कथनात 'भिक्षा' हाच शब्द असेल, तेवढीच लीळा ती बाहेर काढील, आणि जी लीळा देवगिरीच्या वाटेवर घडली, किंवा जिच्यात भिक्षा हा शब्द न येता झोळी, अन्न, याचना यांचीच चर्चा आहे, तिला ती निष्ठुरपणे दाराबाहेर ठेवील. शिवाय, विचारणाऱ्याला ग्रंथवृक्षाची रचना ठाऊक असतेच असे नाही. त्याने लीळेच्या थेट पोटात जे स्थळ अपेक्षिले ते संपादकाने एक पायरी खाली, वासनेच्या पोटात ठेवले असेल, तर काटेकोर यंत्राच्या लेखी ते स्थळ अस्तित्वातच नाही.

हा काटेकोरपणा शिथिल करण्याचे साधन बाकू येथे १९२१ साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत बर्कली येथे अध्यापन करणाऱ्या लोत्फी झादे यांनी १९६५ साली दिले. त्यापूर्वी १९२० साली पोलंडच्या लुकासिएविच यांनी खरे आणि खोटे यांच्यामध्ये तिसरे मूल्य कल्पिले होतेच; झादे यांनी ती मधली जागा सबंध खुली केली. एखादी वस्तू एखाद्या वर्गात आहे की नाही, असे न विचारता, ती किती अंशाने आहे असे विचारावे आणि उत्तर ० ते १ यांच्या दरम्यान कोठेही येऊ द्यावे, हे त्यांच्या फझी लॉजिकचे मर्म होय. 'वेरुळजवळ' हाच शब्द घ्या. वेरुळी १, तेथून तीस किलोमीटरवर ० आणि मध्ये अंतराच्या प्रमाणात उतार, असे माप ठरवले, तर सुमारे पंधरा किलोमीटरवरील देवगिरी ०.५ अंशाने वेरुळजवळ ठरते आणि पैठण मुळीच ठरत नाही. त्याच न्यायाने विषयाची जवळीक मोजता येते, आणि वृक्षातल्या पायऱ्यांचीही: अपेक्षित जागी सापडले तर पूर्ण गुण, एक पायरी खाली सापडले तर काही उणे.

आता हे अंश एकत्र कसे करायचे, ते जवळून पाहू, कारण सगळा तत्त्वविचार या एका सांध्यात दडलेला आहे. कल्पना करा, की एक लीळा खुद्द वेरुळची आहे, म्हणून स्थळाचा अंश १, पण भिक्षेचा विषय तिच्यात ओझरता, म्हणून ०.४, दुसरी देवगिरीची, स्थळाचा अंश ०.५, पण विषय बराचसा भिक्षेचाच, म्हणून ०.८. झादे यांनी 'आणि' या शब्दासाठी सुचवलेला मूळ नियम असा, की दोहोंतला लहान अंश घ्यावा. त्याप्रमाणे पहिलीला ०.४ आणि दुसरीला ०.५ मिळून दुसरी वर येते. सरासरी काढली तर पहिलीला ०.७ आणि दुसरीला ०.६५ मिळून पहिली वर येते. आणि गुणाकार केला तर दोन्ही ०.४ वर येऊन बरोबरीत सुटतात. ग्रंथ तोच, प्रश्न तोच, लीळा त्याच, मोजलेले अंशही तेच. तरी तीन नियमांनी तीन निराळे क्रम दिले, आणि या तिन्हींपैकी एकही गणिताच्या दृष्टीने चुकीचा नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०११ साली एक्सएमएल ग्रंथांतील मजकूर-शोधासाठी जी प्रमाणभाषा शिफारस केली, तिच्यातही प्रत्येक निकालाला ० ते १ यांमधील गुण देण्याची तरतूद आहे, परंतु तो गुण कोणत्या रीतीने काढावा हे यंत्रकर्त्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. क्रम ही वस्तूच्या अंगची गोष्ट नसून क्रम लावणाऱ्याच्या निवडीची गोष्ट आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

येथे काही विद्वान एक झेप घेतात, जी मला घाईची वाटते. अंशाने खरे म्हणजेच आपल्या जैनांचा स्याद्वाद, तेव्हा फझी लॉजिक आम्हाला हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते, अशी ती झेप होय. यापूर्वीही प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९५७ साली स्याद्वादाचा आधुनिक संख्याशास्त्राशी व तर्कशास्त्राशी संबंध जोडून दाखवला होता, आणि त्या दोघांचे प्रयत्न आदरणीय आहेत. परंतु येथे तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होऊ न देणे अगत्याचे आहे. देवगिरीचा डोंगर उंच आहे, हे विधान काही अंशाने खरे असते. तेथे अनिश्चित असे काही नाही, उंची मोजलेलीच आहे, केवळ 'उंच' या कल्पनेची सीमा धूसर आहे. उद्या पैठणला पाऊस पडेल, हे विधान संभवनीय असते. तेथे सीमा धूसर नाही, केवळ आपले ज्ञान अपुरे आहे. आणि वेरुळचे कैलास लेणे हे देवालय आहे, हे विधान अपेक्षेने खरे असते: उपासनेच्या अपेक्षेने ते देवालयच आहे, पण बांधणीच्या अपेक्षेने ते बांधलेलेच नाही, कारण एका अखंड कातळाला माथ्याकडून पायाकडे कोरीत आणून ते सिद्ध झालेले एक प्रचंड शिल्प आहे. या तिसऱ्या विधानात अर्धेमुर्धे असे काही नाही. प्रत्येक अपेक्षेने ते पुरेपूर खरे किंवा पुरेपूर खोटे आहे. स्याद्वाद या तिसऱ्या प्रकाराविषयी बोलतो. अस्ति, नास्ति आणि अवक्तव्य यांच्या संयोगाने होणाऱ्या सात भंगांना प्रत्येक वेळी 'स्यात्' हे पद लावण्याचा जैन आचार्यांचा आग्रह होता तो यासाठी, की विधान कोणत्या भूमीवर उभे राहून केले आहे याची कबुली विधानातच असावी.

वेदान्त्यांनी यावर जो आक्षेप घेतला तो हलका नव्हता. एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म एकाच वेळी राहणे अशक्य आहे, आणि जे शास्त्र आपल्या स्वतःच्या सिद्धान्तालाही 'असेल किंवा नसेल' म्हणते, त्याच्या उपदेशावर भरवसा ठेवून कोण मुमुक्षू पाऊल उचलील, असे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात विचारले आहे. जैनांचे उत्तर असे, की स्यात् म्हणजे कदाचित् नव्हे. अपेक्षा बदलली की विरोध उरत नाही, आणि अपेक्षा सांगितली की संशयही उरत नाही. हा वाद येथे मिटवण्याची माझी योग्यता नाही. मला त्यातून घ्यायचे आहे ते इतकेच, की आक्षेपकाचे भय आणि उत्तरदात्याचा उपाय ही दोन्ही आजच्या यंत्राला जशीच्या तशी लागू पडतात. उतरंडीत वर-खाली लावलेल्या शंभर उत्तरांतून सर्व काही थोडे थोडे खरे, असा एक सैल सर्वसमभाव जन्मतो, हे आचार्यांचे भय होय. आणि त्यावर उपाय म्हणजे अंश काढून टाकणे नसून प्रत्येक अंशापाशी त्याची अपेक्षा लिहिणे, हे वेरुळच्या बत्तीसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, ज्यांच्या मूर्ती विराजमान आहेत त्या तीर्थंकरांच्या अनुयायांचे सांगणे होय. यंत्र अंश सांगते आणि अपेक्षा गाळते. ०.७ हा आकडा दिसायला मोठा विनयशील असतो, पण ज्या मापाने तो निघाला ते माप झाकून ठेवले, की तो 'होय' या शब्दाहूनही अधिक उद्दाम होतो. कारण होय म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो, दशांशचिन्हाशी कोण वाद घालील?

मीमांसकांचा मार्ग याहून निराळा आणि, माझ्या मते, आजच्या यंत्रकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे, कारण ग्रंथाच्या रचनेवरून पुराव्याचे वजन ठरवण्याचे शास्त्र त्यांनीच प्रथम उभारले. कोणते कर्म कोणाचे अंग आहे हे ठरवताना श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे जैमिनींनी सांगितली, आणि त्यांच्यात विरोध आला तर पुढचे प्रत्येक प्रमाण मागच्याहून दुर्बल समजावे असा क्रमही सांगितला. शब्दाचे साक्षात् विधान सर्वांत बलवान, नुसते नाव सर्वांत दुर्बल, आणि संदर्भ व जागा त्यांच्यामध्ये. खुणांकित ग्रंथात शब्द, वाक्य, प्रकरण, स्थळ आणि शीर्षक यांना निरनिराळे वजन देणारा आजचा अभियंता नकळत याच वाटेने चालला आहे. शास्त्रात प्रसिद्ध असलेले उदाहरण ऐंद्री ऋचेचे आहे. ऋचेतील शब्दांचे सामर्थ्य पाहिले तर ती इंद्राच्या स्तुतीची दिसते, परंतु तिने गार्हपत्य अग्नीचे उपस्थान करावे असे साक्षात् विधान आहे. येथे लिंगाचा कौल एकीकडे आणि श्रुतीचा दुसरीकडे पडतो, तेव्हा श्रुतीचा हुकूम चालतो आणि लिंगाला माघार घ्यावी लागते.

या व्यवस्थेत दोन गोष्टी अशा आहेत, की ज्या यंत्राच्या बेरजेत सापडत नाहीत. पहिली ही, की दुर्बल प्रमाणे कितीही गोळा केली तरी ती मिळून एका सबळ प्रमाणाला हरवू शकत नाहीत. याउलट गुणांची सरासरी काढणाऱ्या यंत्रात नाव, स्थळ आणि संदर्भ यांचे किरकोळ गुण साचत साचत साक्षात् विधानाच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि ज्या लीळेत प्रश्नाचे सरळ उत्तर आहे ती तिसऱ्या पानावर पडते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की मीमांसकांनी क्रमाबरोबर क्रमाचे कारणही दिले. पुढचे प्रमाण अर्थापासून अधिक दूर आहे, म्हणजे नावावरून स्थानाची, स्थानावरून प्रकरणाची, अशी कल्पना करीत शेवटी श्रुतीपर्यंत पोहोचावे लागते, आणि तोवर जवळच्या प्रमाणाने काम उरकलेले असते, असे ते कारण आहे. ते कारण पटो वा न पटो, ते मांडलेले आहे. म्हणून त्याचे खंडन करता येते. ज्या मुनसफाने फैसल्याखाली कारणे लिहिली त्याच्यावर अपील चालते. ज्याने नुसता आकडा लिहिला त्याच्यावर कशाचे अपील करायचे?

बौद्धांनी मात्र मुळावरच बोट ठेवले. सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच रीतीने देता येत नाहीत, असे बुद्धवचन आहे आणि मिलिंदप्रश्नात नागसेनानेही त्याचा आधार घेतला आहे: काही प्रश्नांना सरळ होय-नाही असे उत्तर द्यावे, काहींना विभागून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारून द्यावे, आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. आपली फझी प्रश्नभाषा या चारांपैकी दुसऱ्या रीतीत पारंगत आहे आणि पहिली तिला येतेच. उरलेल्या दोन तिच्या गावीही नसतात. विचारणाऱ्याने काहीही विचारो, ती शंभर उतारे मांडतेच. तिच्या कोशात मौन नाही आणि प्रतिप्रश्नही बहुधा नाही. मघाच्या प्रश्नात 'वेरुळजवळ' म्हणजे अंतराने जवळ की काळाने, म्हणजे वेरुळच्या मुक्कामाच्या आगेमागे, हे तिने आधी विचारायला हवे होते, कारण त्या एका उत्तराने सारा क्रम पालटला असता. मिलिंदाने नागसेनाला विचारले होते, की जो पुन्हा जन्मतो तो तोच की निराळा, आणि उत्तर मिळाले, की तोच नव्हे आणि निराळाही नव्हे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरी जळणारी ज्योत यांचा दृष्टांत देऊन त्याने ते समजावले. या ठिकाणी ०.५ अंशाने तोच, असे उत्तर देणारा माणूस गणितात पास आणि धर्मात नापास झाला असता, कारण प्रश्नातील 'तोच' ही कल्पनाच तपासून पाहण्याची वेळ होती, तिला गुण देण्याची नव्हती.

इतके सगळे म्हटल्यावर एक प्रामाणिक शंका उरते, आणि ती पैठणच्या नाथमहाराजांच्या रूपाने समोर उभी राहते. शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती मिळवून एक शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये असे कडक शब्दांत बजावले. महानुभावांनी वासना सांभाळल्या, नाथांनी पाठांतरे बाजूला सारली. मग यांतला धर्म कोणता? मला वाटते, दोन्ही धर्मच आहेत, परंतु त्यांची स्थळे भिन्न आहेत. जो ग्रंथ घरोघरी वाचला जायचा, ज्याच्या आधाराने सामान्य प्रपंची माणसाने आपला दिवस सुरू करायचा, त्याला एक पाठ हवाच. पारायणाला बसलेल्याने प्रत्येक ओवीपाशी थांबून पाच पर्याय तोलावेत अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय. फझी लॉजिकचे जाणकारही हे मान्य करतात. एका ठरावीक अंशाच्या वरचे ते घ्यावे आणि खालचे सोडावे, अशी रेषा आखण्याची तजवीज त्या शास्त्रात आहे, कारण अंशांवर विचार करता आला तरी कृती शेवटी एकच करावी लागते. फरक इतकाच, की नाथांनी रेषा आखली तेव्हा ती आखली असे सांगून आखली, स्वतःच्या नावाने आखली, शक-संवत्सर घालून आखली. दफ्तरी ज्याची नोंद आहे असा तो निर्णय होता. यंत्र रोज हजारो वेळा अशीच रेषा आखते, आणि तिच्यावर ना नाव असते ना तिथी.

लीळाचरित्राकडे शेवटचे एकदा पाहिले म्हणजे या उणिवेचे नैतिक स्वरूप कळते. यंत्रकर्त्याला वजने ठरवावीच लागतात: शीर्षकात शब्द आला तर १, कथनात आला तर ०.८, वासनेत आला तर ०.५, असे काहीतरी तो एखाद्या दुपारी बसून लिहितो, आणि त्याच्या मनात कोणाविषयीही दुजाभाव नसतो. पण त्या ०.५ चा अर्थ काय होतो? हिराइसा या ज्या साध्वीच्या स्मरणशक्तीमुळे हरपलेला ग्रंथ परत मिळाला असे संप्रदाय मानतो, तिचे एखादे स्मरण वासना म्हणून नोंदले गेले असेल, तर ते सदैव अर्ध्या किमतीचे ठरते. नागदेवाचार्यांसमोर जी साक्ष बरोबरीच्या मानाने रुजू झाली असती, ती आता कोणी तिच्यावर एक शब्दही न उच्चारता उतरंडीच्या तळाशी जाते; आणि यादीत पन्नासाव्या जागी असणे म्हणजे व्यवहारात नसण्याजोगेच आहे, हे यादी पाहणारा प्रत्येक जण जाणतो. पोथी जाळणाऱ्याला निदान आपण पोथी जाळली हे माहीत असते. येथे काहीच नष्ट झालेले नाही, सर्व मजकूर जागच्या जागी शाबूत आहे, आणि तरीही एक आवाज ऐकू येईनासा झाला आहे.

म्हणून माझे म्हणणे यंत्राच्या विरुद्ध नाही आणि अंशांच्याही विरुद्ध नाही. होय आणि नाही या दोन कप्प्यांत सारे ज्ञान कोंबणाऱ्या जुन्या प्रश्नभाषेपेक्षा तारतम्य जाणणारी ही नवी भाषा निःसंशय अधिक उदार आहे, आणि ज्या संशोधकाला शेकडो लीळांतून दहा निवडायच्या आहेत त्याला तिच्यावाचून चालणारही नाही. मागणी एवढीच आहे, की अंश सांगणाऱ्याने अपेक्षाही सांगावी. प्रत्येक उताऱ्याशेजारी, तो ग्रंथवृक्षाच्या कोणत्या फांदीवर सापडला, तो कोणाच्या स्मरणातला आहे, अंश कोणत्या नियमाने एकत्र केले, आणि नियम बदलला तर त्याची जागा कोठे जाईल, हे चार तपशील उघड असावेत; वासनेचे वजन विचारणाऱ्याला स्वतःच्या हाताने कमी-जास्त करता यावे; आणि प्रश्नच संदिग्ध असेल तेथे यादी पुढे करण्याआधी यंत्राने उलट विचारावे. एक्सएमएलच्या खुणांत यांपैकी पहिल्या दोन तपशिलांची जागा आधीच करून ठेवलेली आहे, तिसरा यंत्रकर्त्याला ठाऊक असतोच, आणि चौथा गणित पुन्हा मांडले की मिळतो. तेव्हा अडचण साधनांची नाही. यामुळे यादी लांबेल, वाचणाऱ्याचा वेळ अधिक जाईल, आणि एका दृष्टिक्षेपात उत्तर मिळाल्याचे समाधान त्याला लाभणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्याला धर्मग्रंथाकडून काही जाणून घ्यायचे आहे त्याने निवाड्याचा भार यंत्रावर टाकून मोकळे व्हावे, हे कोणत्याही दर्शनाने कधी मान्य केलेले नाही. यंत्राने फार तर साक्षीदारांना ओळीने उभे करावे, त्यांची नावे पुकारावीत आणि ओळ कशी लावली ते सांगावे, आणि तोलण्याचे काम विचारणाऱ्याने स्वतःकडे ठेवावे.